चालते की वाहते

पाजवणीच्या जेट्टीवर हरेश डोर्लेकरांना सगळे हरेश तांडेल, म्हणजे होडीचा नायक, म्हणत, आणि ते उगाच नव्हे. वारा अंगाला लागायच्या आधी या माणसाच्या पायांना लागतो, असं अख्खी खाडी सांगायची. सुकाणूजवळच्या फळीवर अनवाणी उभा राहायचा आणि तळव्याखाली फळी कशी थरथरते यावरून सांगायचा, होडी चालते आहे की वाहते आहे. तुम्हाआम्हाला यातला फरक कळायचा नाही. किनारा मागे सरकला म्हणजे होडी चालली, एवढीच आपली अक्कल. पण ओहोटीचं पाणी होडीला उचलून नेत असतं तेव्हाही किनारा मागे सरकतोच की! तेव्हा ती वाहते. वाहत्या होडीचं सुकाणू पाणी कापत नाही, पाण्याबरोबर नुसतं जातं. डावीकडे वळवा नाहीतर उजवीकडे, होडीला त्याचं सोयरसुतक नसतं. आणि पाजवणीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. चालणारी होडी त्याला वळसा घालून जाते. वाहणारी त्याच्यावर बसते, आणि मागून लाट आली की उलटते.

समिधा त्यांची एकुलती एक लेक. पुण्याला शिकली, तिथंच बोटींच्या विजेच्या मोटरी बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली, आणि गेली दोन वर्षं कंपनीच्याच कामासाठी पाजवणीत येऊन राहिली होती.

त्याचं असं झालं. प्रवासी बोटींची डिझेल इंजिनं सरकारनं बंद केली आणि शिडं पुन्हा डोलकाठीवर चढली. शीड आणि जोडीला विजेची मोटर. बॅटरी बेताची, म्हणून होता होईल तो वाऱ्यावर जायचं, अडलं तरच मोटर लावायची. कागदावर झकास. अडलं ते मंद वाऱ्यात. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा थकलेला असतो, समुद्रावरचा खारा वारा अजून उठलेला नसतो, मधले दोन-तीन तास नुसती झुळूक. जुन्या होड्या त्या झुळकेवरही रमतगमत जायच्या. या नव्या जागच्या हलेनात. कारण पाण्याखालचा मोटरचा पंखा. बंद पंखा पाण्यातून ओढत न्यायचा म्हणजे कमरेला बादली बांधून पोहण्यासारखं. जोराच्या वाऱ्यात ते खपून जातं. उलट होडीच्या वेगानं पंखा फिरतो, मोटरचा डायनॅमो होतो आणि बॅटरी भरते. झुळकेत मात्र ती बादलीच होडीला खाते.

समिधाच्या यंत्रानं दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे पंखा होडीच्या वेगाबरोबर फिरता ठेवला, म्हणजे तो ओढतही नाही आणि ढकलतही नाही. याला वीज लागते किती, तर घरात छताला टांगलेल्या पंख्याएवढी. दुसरी गोष्ट जास्त गमतीची. वारा नसलेल्या दिवशी सायकल हाणा, तोंडावर वारा येतो की नाही? तो तुम्हीच केलेला. तसंच झुळकेत होडीला अगदी थोडं पुढे ढकललं, की खरी झुळूक आणि होडीनं केलेला वारा मिळून शिडाला बऱ्यापैकी वारा मिळतो. शीड भरतं, होडी आणखी पळते, वारा आणखी वाढतो. ढकलायला वीज थोडी, बाकी काम वाऱ्याचंच. फक्त ते ढकलणं वेळेवर हवं. झुळूक मरून शीड एकदा ढिलं पडून लोळलं की संपलं. ते लोळायच्या आधी काही सेकंद ढकलायला हवं.

आणि झुळूक मरणार हे आधी कुणाला कळतं? हरेश तांडेलांच्या पायांना. समिधानं हे लहानपणापासून घरच्या शिडाच्या होडीत पाहिलं होतं. शीड अजून गच्च भरलेलं असायचं आणि बाबांची डावी टाच हलकेच उचलली जायची. चार सेकंद जायचे, आणि शीड लोळायचं. तिनं फळीखाली वजन मोजणाऱ्या चार चकत्या बसवल्या, शेजारी फळीची थरथर टिपणारा एक तुकडा बसवला, आणि यंत्राला कामाला लावलं की हे पाय वाच आणि शीक. यंत्राचं नाव ठेवलं 'पाऊल'. मोटर मुकी ठेवली, ढकलणं इतकं हलकं ठेवलं की तांडेलाला ते जाणवू नये. मुद्दामच. आपल्या होडीत कुणी लुडबुड करतंय असं बापाला वाटायला नको, म्हणून. या मायेनंच पुढे सगळा घोळ केला.

दर वर्षी कार्तिकात बंदर खात्याची परीक्षा असे. प्रवासी बोटीच्या तांडेलानं दोन तास मोटर बंद ठेवून, नुसत्या शिडावर, दांड्याला वळसा घालून होडी परत आणायची. बॅटरीनं ऐन तोंडाशी दगा दिला तर चोवीस माणसांचं काय, एवढाच साधा हिशेब त्यामागे. जो आणील त्याचा परवान्याचा बिल्ला राहील, नाही आणणार त्याचा जाईल. हरेश तांडेलांना ही परीक्षा म्हणजे चहा पिऊन यावं तशी.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना समिधा पडवीत लॅपटॉप उघडून दोन वर्षांच्या नोंदी बघत बसली होती. पडद्यावर दोन रेघा. लाल रेघ बाबांच्या टाचेची, निळी यंत्राच्या ढकलण्याची. पहिल्या वर्षी लाल पुढे आणि निळी तिच्या मागोमाग, अगदी शेपूट धरून. यंदा गणपतीनंतरच्या फेऱ्यांत मात्र निळी पुढे होती आणि लाल तिच्या मागे, तब्बल सहा सेकंद.

तिनं पुण्याला साहेबांना कळवलं. साहेब हरखलेच. यंत्रानं माणसाला मागे टाकलं, हेच चित्र जाहिरातीत घालू म्हणाले. चाळीस होड्यांची मागणी आली होती. समिधाही अर्धा तास हवेत होती. मग तिला बसवेना. ती उठली, विहिरीपर्यंत जाऊन आली, पुन्हा बसली. यंत्र हुशार झालं असतं तर निळी रेघ अजून आधी जायला हवी होती. ती तर होती तिथंच होती, शीड लोळायच्या चार सेकंद आधी; टाचेची वाट न बघता यंत्र आता फळीच्या थरथरीवरूनच ओळखत होतं. सरकली होती ती लाल. यंत्र पुढे गेलं नव्हतं, पाय मागे पडले होते.

चकत्या सैल झाल्या असतील, असं तिनं मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी फळी उचकटून एकेक चकती तपासली. चारही ठणठणीत. आता दोष कुठे शोधायचा? दिवसभर तिचा कशात जीव लागेना. दोन वेळा बाबांना विचारायला म्हणून गेली आणि होडीच्या दोराबद्दल काहीतरी बोलून परत आली.

त्याच संध्याकाळी हरेश तांडेल ओहोटीला खडकावरून कालवं काढून आले. टोपली सुगंधाकडे, म्हणजे बायकोकडे दिली आणि आरामखुर्चीत बसले. सुगंधा टोपली घेऊन वळली ती थांबलीच. पायरीपासून खुर्चीपर्यंत फरशीवर उजव्या पावलाचे लाल ठसे उमटले होते. तिनं विचारलं, अहो, पायाला काय लागलं? त्यांनी आधी फरशीकडे पाहिलं आणि मग पायाकडे. तळव्यात कालवाच्या शिंपल्याचा तुकडा रुतला होता, चांगला बोटभर. हा माणूस तो तुकडा घेऊन अर्धा मैल चालत आला होता आणि याला पत्ताच नव्हता.

समिधा स्वयंपाकघरात मागोमाग गेली तेव्हा सुगंधा बोलली. वर्ष झालं. साखरेनं पायांच्या शिरा मारल्या, डॉक्टरांनी तसं तोंडावर सांगितलं होतं. कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील, अशी शपथ त्यांनी तिला घातली होती. तांडेलाचे पाय गेले असं जेट्टीवर कळणं म्हणजे जितेपणी मरण.

"पण आता बरं आहे गो बाय," ती म्हणाली. "गणपतीपासून होडी पुन्हा पूर्वीसारखी कळायला लागली म्हणतात. मी जाखाईला नारळ पण दिला."

देवीनं काही ऐकलं नव्हतं. बाबांना जे पूर्वीसारखं वाटत होतं ते तिचं यंत्र होतं.

तरी तिला खात्री करून घ्यायची होती. आणि इथं ती चुकली, हे सांगायला हवं. सरळ विचारायचं सोडून तिनं बापाची चोरून परीक्षा घेतली. परीक्षेआधी तीन दिवस, सकाळी साडेनऊला, चकत्यांची जुळणी करायची आहे असं सांगून ती बाबांबरोबर रिकाम्या होडीतून निघाली. ओहोटी सरत आली होती, पण पाणी अजून ओढत होतं. पाण्यावर तेलाच्या तवंगासारखी शांतता, मध्येच झुळकेचा एखादा चट्टा. खाडीच्या तोंडाकडे पाऊण वाट गेल्यावर तिनं मांडीवरच्या फोनवरून यंत्र बंद केलं.

होडीचा वेग उतरत गेला. पाण्यातून पुढे जाण्याचा वेग जवळजवळ शून्य झाला, तो आकडा तिला फोनवर दिसत होता. शीड लोळलं, हललं, पुन्हा थोडं फुगल्यासारखं झालं. किनाऱ्यावरची सुरूची झाडं मात्र मागे सरकत होती, आणि हरेश तांडेल त्या झाडांकडे बघत खुशीत मान हलवत होते.

"चालली बघ," ते म्हणाले. "एवढ्याशा वाऱ्यावर कशी चालली."

होडी वाहत होती. दांड्यावरची फेसाची रेघ दिसायला लागली होती. ज्या माणसानं तिला या दोन शब्दांतला फरक शिकवला, तोच डोळ्यांवर भरवसा ठेवून फसत होता. समिधानं यंत्र चालू केलं. पंखा फिरला, होडीनं श्वास घेतल्यासारखं केलं, शीड भरलं, आणि तांडेलांनी सुकाणू दाबून ऐटीत वळसा घेतला. वळून तिच्याकडे हसून पाहिलं. वारा कसा पकडला, असा सगळा भाव चेहऱ्यावर. ते हसू तिला बघवेना. दोर आवरायच्या निमित्तानं ती पुढे नाळेकडे, होडीच्या टोकाशी, गेली आणि जेट्टी येईपर्यंत तिथंच राहिली.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर तिनं पडवीत त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि लाल रेघ, निळी रेघ, सकाळी यंत्र बंद केलं होतं तेही, सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग चष्मा काढला.

"मला कधी सांगणार होतीस?"

"तुम्ही मला कधी सांगणार होतात, बाबा?"

मग ते बोलू लागले ते तिच्याशी नव्हे, समोरच्या माडाशी बोलावं तसं. गणपतीनंतर किती फेऱ्या झाल्या ते मोजत होते. पावशांची बाळंतीण लेक आठ दिवसांच्या पोराला घेऊन आली होती. शाळेची पोरं चित्रकलेच्या परीक्षेला गेली होती. नानू मास्तरांना छातीत दुखतं म्हणून पलीकडे नेलं होतं. ही सगळी माणसं हरेश तांडेल उभा आहे म्हणून डोळे मिटून बसली होती.

समिधा म्हणाली की सगळी सुखरूप उतरली ना.

"ती तुझ्या यंत्रानं उतरवली. मी नुसता सुकाणू धरून उभा होतो, आणि वर मिशीला पीळ देत होतो."

तिला ते ऐकवेना. तिच्या तोंडून नको ते निघून गेलं. परीक्षेच्या दिवशी यंत्र अगदी हलकं चालू ठेवता येईल, म्हणाली. दिवा लागणार नाही, आवाज होणार नाही, निरीक्षकाला कळायचं नाही. बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. पण तिनं शब्द मागे घेतले नाहीत. हरेश तांडेल उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि जेट्टीकडे निघून गेले.

पुढचे तीन दिवस तिघांच्या घरात कुणी धड जेवलं नाही. ठेव चालू, एवढं वर्ष निभू दे, असं सुगंधा दोनदा येऊन कुजबुजून गेली. समिधा दोन्ही बाजूंनी विचार करून थकली. चालू ठेवलं तर बिल्ला राहील, बाप ताठ मानेनं जेट्टीवर उभा राहील, आणि कधीतरी पावसाच्या तोंडावर बॅटरी बसेल तेव्हा चोवीस माणसं दांड्यावर. बंद ठेवलं तर बाप आजच संपला. तिला कुठंच पाय टेकवता येईना.

परीक्षेला लोटणकर नावाचे बंदर निरीक्षक आले. चाळिशीचा सज्जन माणूस, पण समुद्र काही त्यांना मानवत नव्हता. बसल्याबसल्याच त्यांनी आवळ्याची सुपारी तोंडात टाकली. होडीत तिघंच. यंत्राची नोंद ठेवायला म्हणून समिधा. लोटणकरांनी मोटरचा दिवा विझलेला पाहिला, कागदावर खूण केली, आणि तांडेल, चला म्हणाले. यंत्र बंद होतं. पण समिधाचा फोन हातात होता, आणि अंगठा बटणावर.

थकलेल्या मतलईवर होडी निम्म्या खाडीपर्यंत बरी गेली. मग तो वाराही मेला. ओहोटी जोरात होती. सुरूची झाडं मागे सरकू लागली, पुढे फेसाची पांढरी रेघ वाढू लागली. हरेश तांडेल फळीवर उभे होते. एकदा उजव्या पायावर भार दिला, एकदा डाव्या. लोटणकरांना काहीच कळत नव्हतं. ते म्हणाले, छान चालली आहे होडी. समिधाचा अंगठा बटणाला टेकला.

"समिधा, फोन खाली ठेव," हरेश तांडेल म्हणाले. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

तिनं फोन ठेवला.

मग त्यांनी जे केलं ते पाजवणीच्या कुठल्या तांडेलानं आजवर केलं नसेल. सुकाणूचा दांडा सोडला, टोपी काढली, गुडघे टेकले, आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांसमोर फळीवर चक्क आडवे झाले. गाल लाकडाला लावला, डोळे मिटले. लोटणकर घाबरून उठले. त्यांना वाटलं, माणसाला काही झालं.

"वाहतेय," फळीवरून आवाज आला. "साहेब, घाबरू नका. खालच्या अंगाला, शिडाच्या बाजूला, सरकून बसा. आणि नांगराचा दोर हाताशी घ्या, मी सांगितला तर सोडा. समिधा, बूट काढ आणि सुकाणू धर."

"बाबा, मला नाही येणार."

"बूट काढ."

तिनं बूट काढले. लोटणकर खालच्या अंगाला सरकले तशी होडी थोडी कलली, आणि मेल्यासारखं लोंबणारं शीड स्वतःच्याच वजनानं जरासं पोट धरून राहिलं. झुळकेत असंच करायचं असतं. नंतर कधीतरी एखादा वाऱ्याचा चट्टा आला तर त्याला शीड तयार मिळतं. समिधा अनवाणी उभी राहिली. पायाखाली गार, ओलसर लाकूड, दुसरं काही नाही. डाव्या हाताला पाण्यावर एक सुरकुती सरकत आली. शीड हललं.

"चालतेय," ती म्हणाली.

"नाही. अजून वाहतेय. सुकाणू हलवू नको, होतं तेवढं पण मारशील."

फेसाचा आवाज आता ऐकू येत होता. लोटणकरांनी नांगराचा दोर छातीशी धरला होता आणि सुपारी चघळायचं ते विसरले होते. दुसरी सुरकुती आली, पहिलीपेक्षा रुंद. समिधानं डोळे मिटले. किनारा दिसेनासा झाला आणि मग तळव्यात, टाचेच्या जरा पुढे, काहीतरी आलं. मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्या नव्हेत. दूर कुठंतरी जातं फिरत असावं आणि त्याची घरघर भिंतीतून यावी, तसलं काहीसं. गेलं. पुन्हा आलं आणि राहिलं.

"आता, बाबा?"

उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही.

"चालतेय," ती म्हणाली, आणि सुकाणू दाबलं.

सुकाणूनं पाणी धरलं. नाळ आधी नकळत, मग स्पष्ट वळू लागली, आणि फेसाची रेघ हळूहळू उजवीकडे जात मागे पडली. समिधानं डोळे उघडून खाली पाहिलं. बाबांचा गाल फळीवर नव्हता. ती बोलायच्या आधीच ते उठून बसले होते, आणि तिच्याकडे पाठ करून, उतारू बसतात तसे किनाऱ्याकडे बघत होते.

खारा वारा अकराच्या सुमारास उठला आणि होडी झपाझप परत निघाली. लोटणकरांच्या जिवात जीव आला. ते भल्या मनानं म्हणाले की नियमात एवढंच आहे, मोटर न लावता दांड्याला वळसा घालून यायचं. कुणी उभ्यानं यावं की आडव्यानं, याबद्दल नियम काही म्हणत नाही. मी पास लिहितो.

एक शब्द, आणि बिल्ला राहत होता.

हरेश तांडेलांनी छातीवरचा बिल्ला काढला आणि साहेबांच्या कागदावर ठेवला. गालावर फळीच्या रेषा अजून उमटलेल्या होत्या.

"साहेब," ते म्हणाले, "चोवीस माणसं बसलेली असताना मी आडवा कुठे होऊ?"

लोटणकरांनी मान खाली घातली आणि नापास लिहिलं. समिधा रडत होती आणि सुकाणू धरून होती. रडण्यानं हात हलला तर होडी हलेल, म्हणून हात तेवढा घट्ट ठेवला होता. त्या चाळीस होड्यांवर मुकं यंत्र जाऊ द्यायचं नाही, हे तिचं तिथंच ठरलं. ढकललं की ते तांडेलाच्या मनगटाला कळलं पाहिजे. पुण्याचे साहेब रागावतील तर रागावोत.

जेट्टीवर सुगंधा पुढे उभी होती आणि तिच्यामागे अर्धा गाव. होडी हाकेच्या टप्प्यात आली तसा नानू मास्तरांनी नेहमीचा प्रश्न टाकला, काय तांडेल, झालात का पास?

हरेश डोर्लेकर उतारूंच्या बाकावर बसले होते. त्यांनी अंगठ्यानं मागे दाखवलं.

"तांडेल मागे उभी आहे," ते म्हणाले. "तिला विचारा."